आधी अंघोळ, मग अनामत

सोमवार, ४ तारीख

सगळ्यांत आधी आला तो फरशीवाला, आणि आल्या आल्या कामाचं नाव नाही, समोरच्या शिंपीणबाईच्या दिराची बातमी. तो म्हणे बायकोशी भांडून दोन दिवस अबोला धरून बसलाय आणि तिला पत्ताच नाही. तिला वाटतंय याचा घसा बसलाय, ती आपली तासातासाला गरम पाणी आणून देतेय. मी म्हटलं, "अरे, मग त्याने सांगावं ना तिला, की हा अबोला आहे म्हणून." तर फरशीवाला म्हणतो, "आजी, सांगितलं तर अबोला मोडतो ना!" हसून हसून माझ्या डोळ्यांना पाणी आलं. तोही हसत हसत निघून गेला आणि पाच मिनिटांनी डोक्यावर हात मारत परत आला. "आजी, मी गिरकी न्यायला आलो होतो."

गिरकी म्हणजे फरशी घासायचं यंत्र. नाव मी ठेवलं. आमचं दुकान यंत्रं भाड्याने द्यायचं. दुकान सूनबाईचं, नावं ठेवणं माझं. सिमेंट कालवायची ती ढमी, वीज गेल्यावर लावायचा तो बोंबल्या, काँक्रीट फोडायचा तो ठोक्या. ठोक्या नवा कोरा आहे, त्याच्यावर सूनबाईचा भारी जीव.

ही वही नातीने दिली. ती लांब शिकायला आहे. म्हणाली, "आजी, दिवसभराचं बोलणं यात लिही, म्हणजे फोनवर मला थोडं कमी ऐकावं लागेल." शहाणी आहे. माझी शाळा दुसरीत सुटली, पण अक्षर बघा, शिंपीणबाईपेक्षा बरं आहे.

माझं काम सांगायचं राहिलं. परत आलेल्या यंत्रांना मी सकाळी अंघोळ घालते. मोटारीला पाणी लागू देत नाही हां, तिथे ओलं फडकं. बाकी अंगाला ब्रश, बादली आणि माझे हात. आमच्याकडून नेलेलं यंत्र हातात घेतलं की गिऱ्हाइकाचा हात काळा होत नाही, ही आमच्या दुकानाची ओळख. ती माझ्यामुळे आहे. लिहायला हरकत नाही, खरंच आहे ते.

मंगळवार, ५ तारीख

आज एक इतका गोड मुलगा आला! तिशीचा असेल. सूनबाई आत फोनवर होती, तर हा सरळ माझ्याजवळ उकिडवा बसला. "आजी, या वयात तुम्ही हे करता?" माझ्या बादलीचा कान निखळला होता, तो त्याने खिशातली तार काढून बांधून दिला. माझ्या मुलाला तीन आठवडे सांगतेय मी. तो दवाखान्यात विजेचं काम बघतो, अख्ख्या दवाखान्याचे दिवे लावतो, पण आईच्या बादलीचा कान लावायला वेळ नाही.

कितीतरी वेळ बोलत बसला. सगळं विचारत होता, इतकी आस्था. मी सांगितलं, संध्याकाळी यंत्र आलं की सूनबाई चालू करून बघते, पत्र्याच्या पट्टीवरचा नंबर बघते, अनामत आणि ठेवून घेतलेलं ओळखपत्राचं कार्ड परत देते. मळलेलं यंत्र रात्रभर अंगणात उभं राहतं आणि सकाळी मी धुते. "म्हणजे धुतल्यावरच नीट दिसत असेल नाही, कुठे काय लागलंय ते?" मी म्हटलं, "तर! लेकरासारखं. अंघोळ घातल्याशिवाय खरचटलेलं दिसतं का?"

एका दिवसासाठी भोकं पाडायचं यंत्र घेऊन गेला. याला मी गोडबोल्या म्हणणार.

बुधवार, ६ तारीख

गोडबोल्याने यंत्र वेळेआधी आणून दिलं, तेही पुसून. सूनबाईला म्हटलं, "बघ, संस्कार म्हणतात ते हे." ती हसली. तिला हसताना बघून बरं वाटलं, कारण मुलाने काल पुन्हा विषय काढला होता. मागच्या वर्षभरात एक पाण्याचा पंप गेला, एक शिडी गेली. नेणाऱ्यांची कार्डं खोटी निघाली. मुलगा म्हणतो, "आता आणखी एक गेलं ना, की दुकान बंद. तू पूर्वीच्या नोकरीवर जा, आणि आईने घरात आराम करावा."

मला आराम! आमच्या पलीकडच्या गल्लीत एक बाई आराम करते. खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला मोजते.

रविवार, १० तारीख

मी वेडी झाले नाहीये हे आधी लिहून ठेवते.

काल सकाळी गोडबोल्या गिरकी घेऊन गेला. संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला आणली, ती पांढऱ्या चिखलात नखशिखांत बरबटलेली. बिचारा हात जोडून म्हणाला, "आजी, माफ करा, फार घाण झालीये." सूनबाईने चालू केली, चालली. नंबर पाहिला, बरोबर. अनामत, कार्ड, त्याचं त्याला देऊन टाकलं.

आज सकाळी मी धुवायला घेतली, तर ती गिरकी नाही.

आमच्या गिरकीच्या उजव्या कुशीला चंद्रकोरीएवढा पोचा आहे, पायरीवर आपटली होती तेव्हाचा. मुठीचं रबर कुत्र्याने चावलेलं आहे. चाकाच्या आतल्या बाजूला निळ्या रंगाचा थेंब आहे, रंगाऱ्याची मेहेरबानी. हिला यातलं काही नाही. नंबराची पट्टी आमचीच, पण तिचे स्क्रू नवे चकचकीत. बाकी अंग कुणा दुसरीचं.

सूनबाई म्हणाली, "आई, नंबर तर आपलाच आहे." मुलगा म्हणाला, "आई, चष्मा कधी तपासला होतास?"

मला फार लागलं ते. बोटांना चष्मा लागत नाही, म्हटलं. पण कुणी ऐकायला थांबलं नाही. गोडबोल्याचीच काळजी वाटते. कामावर कुणीतरी त्या भाबड्याच्या नकळत अदलाबदल केली असणार. आला की सावध करते त्याला.

मंगळवार, १२ तारीख

फरशीवाला काल नेलेली गिरकी खांद्यावर घेऊन परत आला. "आजी, ही एका आठवड्यात म्हातारी कशी झाली? दोन खोल्या घासल्या नि जीवच सोडला."

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा सूनबाई पदर खोचून माझ्याशेजारी येऊन बसली. "आई, पुन्हा सांगा. कुठे कुठे काय होतं?" मी सांगितलं. तिने हात लावून बघितलं. मग आम्ही दोघींनी मिळून तिला पुन्हा घासायला घेतली, अगदी तारेच्या ब्रशने, आणि पोटाखालचा काळा रंग खपल्या निघाव्यात तसा निघायला लागला. खाली पिवळा पट्टा.

पिवळा पट्टा सगळ्या गावाला माहीत आहे. वळणावरच्या भाडेवाल्याच्या यंत्रांना असतो तो. आमचं नि त्याचं बोलणं नाही. त्याने एकदा सूनबाईला "चुलीपुढून उठून आलेली" म्हटलं होतं. तिने उत्तर पाठवलं होतं, "चूल सांभाळणाऱ्यालाच आग सांभाळता येते." तेव्हापासून दोन्ही दुकानं एकमेकांकडे पाठ करून आहेत.

सूनबाई गिरकी टेम्पोत घालून सरळ त्याच्याकडे गेली. मला म्हणाली, "आई, कुणाशीही बोलू नका, शिंपीणबाईशीसुद्धा." शिंपीणबाई चार वेळा येऊन गेली. चारही वेळा मी तोंडात पाण्याचा घोट धरून बसले.

बुधवार, १३ तारीख

काय घडलं ते एकेक करून लिहिते.

वळणावरच्या भाडेवाल्याने गिरकी बघून कपाळाला हात लावला. ती त्याचीच, चार महिन्यांपूर्वी गेलेली. त्यालाही कुणीतरी असंच चिखलात माखलेलं दुसरंच यंत्र आणून दिलं होतं. त्याच्या नंबराची पट्टी त्यावर लावलेली. त्याला वाटलं, आपलं यंत्र जुनं झालं. खूप दिवसांनी कळलं. पोलिसांकडे गेला तर ते म्हणाले, "नंबर तुमचा, तुम्ही चालवून घेतलंत, अनामत परत दिलीत. मग चोरी कसली?" नेणारा कसा होता, विचारलं तर म्हणाला, "तिशीचा. फार गोड बोलायचा. माझ्या वडिलांच्या काठीला रबराचं बूच बसवून दिलं होतं त्याने."

सूनबाई हे मला सांगत होती आणि माझे डोळे बादलीच्या कानावर. तारेने बांधलेल्या.

गोडबोल्याच्या कार्डावरचा पत्ता पावतीवर उतरवलेला होता, तिथे ती जाऊन आली. तिथे एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांचं कार्ड हरवलंय. त्यावर फोटो कुणी बदलला, त्यांना माहीत नाही.

मग माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. संध्याकाळी चालवून बघतात, सकाळी धुतात. त्याला हे कोणी सांगितलं? मी. उकिडव्या बसलेल्या त्या पोराला मी घराची किल्लीच काढून दिली. गोड बोलून गळा कापतात म्हणतात, मी तर मान पुढे करून बसले होते.

सूनबाईला सगळं सांगितलं. तारीखवार, वही उघडून. म्हटलं, "मीच बुडवलं तुझं दुकान. ही बादली ठेव बाई दुसऱ्या कुणाच्या हातात."

ती म्हणाली, "मला रविवारपासूनच शंका होती आई."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बादली सोडून दिली असती म्हणून." आणि उठून चहा टाकायला गेली.

मी पदराने तोंड पुसलं. बादली मी सोडणार नाही.

गुरुवार, १४ तारीख

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "झालं तर मग. एक गेलं म्हटलं होतं ना मी? बंद." सूनबाई म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत थांबा. त्यानंतर तुम्ही म्हणाल तसं." इतक्या शांतपणे बोलली की मुलगा "बरं" म्हणाला. मला तिचा असा अभिमान वाटला, जसा काही मीच तिला जन्म दिलाय. तिच्या आईला फोन करून सांगणार होते, पण सध्या कुणालाही काही सांगायचं नाहीये.

ही तर खरी शिक्षा. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. आता अख्खी शेंगदाण्याची गोणी भिजवायचीय.

सूनबाईचं म्हणणं असं: गोडबोल्याला वाटतंय आपल्याला काही कळलं नाही. म्हणून तो येणार. वळणावर तीनदा आला होता. तक्रार होईपर्यंत तो येतच राहतो. पोलिसांना हवंय ते असं, की यंत्र आपण परत घ्यायच्या आधी, त्याच्यासमोर, ते आपलं नाही हे दिसलं पाहिजे. "ते दाखवणार तुम्ही," मला म्हणाली.

शनिवार, १६ तारीख

तीन दिवस एकच काम. सगळ्या यंत्रांच्या जन्मखुणा लिहून काढल्या. मी बोटाने चाचपून सांगायचं, सूनबाईने लिहायचं. जिथे शब्द सापडला नाही तिथे मी चित्र काढलं. ढमीच्या कानामागे गांधीलमाशी चावल्यासारखी गाठ. बोंबल्याच्या झाकणाला खालून तडा, नदीसारखा वाकडा. आता यंत्र देताना पावतीच्या मागे त्याच्या खुणा लिहिलेल्या असणार आणि नेणाऱ्याने खाली सही करायची.

परत आणल्यावर आधी अंघोळ, मग अनामत. गिऱ्हाइकाने समोर उभं राहायचं. फरशीवाल्याला पहिल्यांदा थांबवलं, तर म्हणतो, "आजी, मलाच घासता की काय?" म्हटलं, "तुला घासायला तारेचा ब्रश कमी पडेल." थांबला बिचारा. चांगल्या माणसाला थांबायला त्रास होत नाही, हे माझ्या लक्षात आलं.

घोळ एकाच ठिकाणी. ठोक्या नवा कोरा. त्याच्या अंगावर खूणच नाही! लहान बाळासारखं तुकतुकीत अंग. सूनबाई म्हणाली, "आणि गोडबोल्या मागणार तोच." तासभर मी त्याच्या अंगावरून बोटं फिरवली. घोड्यामागे, म्हणजे दाबायचं बटण असतं ना त्याच्या मागे, रंगाचा एक फुगा लागला, मोहरीएवढा. पण तेवढ्याने काय होतंय? शेवटी मुठीचं रबर मागे सरकवलं आणि जाड सुई तापवून आत एक चंद्रकोर कोरली. गिरकीच्या कुशीत होती तशी. ती बिचारी कुठे असेल, कुणाच्या फरश्या घासत असेल.

सोमवार, १८ तारीख

आज एक वेगळाच नमुना. ढमी न्यायला आला, फोन माझ्या नाकासमोर धरला. "आजी, पैसे पाठवले, हे बघा हिरवी टिकली." मी म्हटलं, "तुझ्या फोनात टिकली आहे, आमचा फोन गप्प आहे. तो टुंग म्हणाल्याशिवाय ढमी उंबरा ओलांडत नाही." म्हणाला, नेटवर्कचा प्रश्न आहे. म्हटलं, "बस मग, नेटवर्क येईपर्यंत चहा घे." चहा न घेताच गेला. सूनबाईने आतून ऐकलं होतं. बाहेर येऊन तिने मला मिठी मारली, हात पिठाचे होते तरी.

मुलाने आज अंगणात फाटकाजवळ नळ घेतला आणि त्याला लांब रबरी पाइप लावला. उगाचच. महिनाअखेरीला दुकान बंद करायचं म्हणणारा माणूस नळावर कशाला खर्च करतो, ते त्यालाच ठाऊक. वर म्हणतो, "बादली उचलू नकोस, कंबर जाईल." बादलीचा कानही बदलून टाकला. तारेचा तुकडा मात्र मी फेकू दिला नाही. पुरावा.

बुधवार, २० तारीख

आला! दहाच्या सुमाराला. मी बोंबल्याला पुसत होते. हातातलं फडकं खाली पडलं, ते त्यानेच उचलून दिलं. "कशा आहात आजी?" तेच हसू. माणूस वाईट असला की चेहऱ्यावर दिसतं म्हणतात, ते खोटं आहे. याचा चेहरा दुधासारखा.

गिरकीबद्दल विचारलं, "नीट चाललीये ना?" जिभेच्या टोकावर आलं होतं सगळं. पण म्हटलं, "अरे, चालतेय तर! मी धुवून लख्ख केली." मग सूनबाईने शिकवलं होतं तसं सहज म्हटलं, "हल्ली सकाळी कंबर धरते रे, धुवायला नऊ वाजतात." हे खोटंच. त्याने कान टवकारले.

शनिवारपासून दोन दिवसांसाठी ठोक्या हवाय म्हणाला. गेल्यावर मी बोंबल्याला पुन्हा पहिल्यापासून पुसून काढलं. भीतीने नाही. इतका वेळ खरं न बोलण्याची सवय नाही ना.

शनिवार, २३ तारीख

नेला ठोक्या. सूनबाईने पावती पुढे केली, मागे खुणा लिहिलेल्या. तो वाचायला लागला तर संपलं असतं. तेवढ्यात मी सुरू झाले. शिंपीणबाईच्या दिराचा अबोला, गरम पाणी, तो घसा, सगळं. मध्ये मध्ये त्याचा दंड धरून, "ऐक तर खरं!" त्याने माझ्याकडे बघत हसत हसत सही ठोकली. मला बोलण्यात गुंतवून गेला होता ना, फिटंफाट.

ठोक्या फाटकाबाहेर गेला तेव्हा सूनबाई दारात उभी होती, ओठ दाबून. तिची पैज केवढी मोठी आहे, मला तेव्हा कळलं. तो परत आलाच नाही तर? मी विचारलं. ती म्हणाली, "येईल. दुसऱ्याचं जुनं आपल्या गळ्यात मारल्याशिवाय त्याची चोरी पुरी होत नाही."

वळणावरचा भाडेवाला दुपारी येऊन बसून गेला. मला "मावशी" म्हणाला, सूनबाईला "ताई". चुलीचा विषय कुणी काढला नाही. त्याने आमच्या खुणांच्या वहीतली दोन पानं उतरवून घेतली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे पुढचाच मागून शहाणा झाला.

सोमवार, २५ तारीख

आज सगळं सविस्तर लिहिणार, पानं संपली तरी चालतील.

पावणेपाचला टेम्पो आला. पुढे गोडबोल्या, शेजारी काळ्या चष्म्याचा एक जाडा. टेम्पो आत घेतला. ठोक्या उतरवला. सिमेंटचा लगदा असा थापलेला की लाडू वळावेत. गोडबोल्या म्हणाला, "आजी, फार घाण झालंय, सॉरी. उद्या निवांत धुवा. ताई, चालू करून बघा, आम्हाला घाई आहे."

सूनबाई म्हणाली, "आता रीत बदललीये दादा. आधी अंघोळ, मग अनामत."

तो हसला, पण हसू अर्ध्यावर थांबलं. "अहो, आजींची कंबर..."

"कंबर आज बरी आहे बाळा," मी म्हटलं, आणि पाइप हातात घेतला. त्या नळाची किंमत मला आज कळली.

काळ्या चष्म्याचा म्हणाला, "वेळ नाही आम्हाला." मुलगा नेमका आज लवकर घरी आला होता. फाटकाला कुलूप लावत म्हणाला, "कुत्रं शिरतं हो, म्हणून." कुत्रं या वेळी कधीच शिरत नाही. तसं मी बोलून दाखवणार होते, पण सूनबाईने माझ्याकडे बघितलं.

मी मोटार झाकली आणि घासायला लागले. लगद्याचा एक थर गेला, दुसरा गेला. घोड्यामागे बोट फिरवलं. मोहरीएवढा फुगा नाही. मुठीचं रबर मागे सारलं. चंद्रकोर नाही. तिथे गंज. पट्टीवरचा नंबर आमचा, स्क्रू नवे चकचकीत.

मला वाटलं होतं मी ओरडेन. तसं काही झालं नाही. मी फडकं पिळलं, वाळत घातलं आणि म्हटलं, "बाळा, हे आमचं लेकरू नाही."

"आजी, तुम्हाला नीट दिसत नसेल."

तर माझा मुलगा बोलला. माझा मुलगा! "माझ्या आईच्या बोटांना चष्मा लागत नाही."

सूनबाईने पावती उलटी करून त्याच्यासमोर धरली. फुगा, चंद्रकोर, खाली त्याची सही. वळणावरचा भाडेवाला शिंपीणबाईच्या दुकानात बसला होता, तो आणि शिंपीणबाई दोघंही फाटकाशी येऊन उभे राहिले. गोडबोल्याने चारी बाजूंना बघितलं. मग पुन्हा तोच दुधासारखा चेहरा करून म्हणाला, "अरेरे, साइटवर दोन यंत्रं होती, अदलाबदल झाली वाटतं. आम्ही तुमचं आणून देतो. साइट लांब आहे, दोनतीन दिवस लागतील."

"हो ना," सूनबाई म्हणाली, "होतं असं कधी कधी. टेम्पो राहू द्या इथेच. यंत्र आणा, टेम्पो न्या, अनामत न्या."

काळ्या चष्म्याचा काहीतरी बोलणार होता, पण मुलाने कुलपाची किल्ली खिशात टाकली. ते दोघं चालत गेले. जाताना गोडबोल्या माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले. आशीर्वाद जिभेवर आला होता, सवयीने. गिळला.

मंगळवार, २६ तारीख

आता अंगणात एक मळका टेम्पो उभा, आणि मी कधी मळकं काही बघू शकले आहे का? सकाळी सातलाच पाइप लावला. बाहेरून धुतला, मग म्हटलं आतूनही झाडावा. सीटखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. मला वाटलं बिस्किटं. उघडला तर नंबरांच्या पट्ट्या, वीसेक असतील, आणि पुडीत बांधलेले नवे कोरे स्क्रू. मागच्या ताडपत्रीखाली एक यंत्राची मूठ, रबराला कुत्र्याचे दात.

मी तिथेच चाकाला टेकून बसले. गिरकीची मूठ हातात घेऊन. सूनबाई धावत आली, तिला वाटलं मी पडले.

वळणावरचा भाडेवाला आला. पट्ट्यांमध्ये तीन त्याच्या, कधी परतच न आलेल्या यंत्रांच्या. आणखी दोघा दुकानदारांना त्याने फोन केले, त्यांच्याही निघाल्या. मग सूनबाई, तो आणि डबा, तिघं पोलिसांकडे गेले. साहेबांनी या वेळी "चोरी कसली" विचारलं नाही म्हणे. सूनबाईला पुन्हा पुन्हा विचारत होते, "या खुणा कुणी लिहिल्या?" आणि ती सांगत होती, "आमच्या सासूबाईंनी."

मला विचारा, त्या वेळी मी तिथे नव्हते याचं किती वाईट वाटलं.

बुधवार, २७ तारीख

मुलाने दवाखान्यातून मोठा पांढरा फळा आणलाय, कुणीतरी टाकून दिलेला. संध्याकाळी अंगणात बसून निळ्या रंगाने अक्षरं काढत होता. मी विचारलं, "काय लिहितोस? दुकान बंद आहे?" तो म्हणाला, "वाच." मी चष्मा शोधत बसले, मग आठवलं की बोटांनीच वाचावं. रंग ओला होता, बोट निळं झालं. 'आधी अंघोळ, मग अनामत.' उद्या फाटकावर लावणार. सूनबाईने त्याला महिनाअखेरीचं विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. तिने फक्त त्याच्या कपाळावरचा रंग पुसला.

शिंपीणबाईच्या दिराचा अबोला सुटला. त्याला म्हणे भजी हवी होती, मागायला तोंड उघडावं लागलं.

सगळ्यांना वाटतं ते दोघं आता येणार नाहीत. मुलगा म्हणतो, "टेम्पो गेला तरी चालेल त्यांना." सूनबाई म्हणते, "डबा असा सोडून कुणी जात नाही. तो उघडलाय हे त्यांना कुठे माहीत आहे?" पोलिसांचे दोघं साध्या कपड्यांत उद्या दुपारपासून आमच्याकडे बसणार आहेत, शिडी भाड्याने न्यायला आलेले म्हणून. मी त्यांना बजावलंय, शिडी नेलीत तर खुणांवर सही लागेल, पोलीस असलात तरी.

पाइप गुंडाळून ठेवलाय, फडकी धुवून वाळत घातलीत, तारेचा ब्रश नवा आणलाय. गोडबोल्याचा दुपारी फोन आला होता, मीच उचलला. आवाज तसाच गोड. मी म्हटलं, "ये बाळा, ठोक्याला घेऊन ये, मी वाट बघतेय." हे मात्र खोटं नव्हतं.

ठोक्या घेऊन येतो म्हणाला. उद्या, गुरुवारी, दुपारी तीन वाजता.